क्यूआर कोड छापण्याआधी पत्ता पक्का करा: पेजपासून फलकापर्यंतची कामं, क्रमाने

गोव्यात आता कुठेही जा, क्यूआर कोड दिसतोच. जत्रेच्या फलकावर, नाटकाच्या हँडबिलावर, खानावळीच्या टेबलावर, होमस्टेच्या दारावर, काजूच्या पाकिटावर. आणि त्यातले बरेचसे चालत नाहीत. एकतर स्कॅनच होत नाही, नाहीतर स्कॅन होतो आणि 'पेज सापडलं नाही' येतं, नाहीतर भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं 'प्लॅन रिन्यू करा' उघडतं. मुंबई-पुण्याहून कुलदेवतेला आलेली माणसं फलकासमोर फोन धरून उभी असतात, दोनदा तीनदा बघतात आणि निघून जातात, आणि फलक लावणाऱ्यांना हे कधी कळतच नाही.

कोड बनवणं दोन मिनिटांचं काम आहे, त्यात कोणी चुकत नाही. चुकतं ते क्रमात. आधी कोड, मग फलक, मग सावकाश पेज असं उलटं काम होतं. कोड म्हणजे तुमच्या पेजचा पत्ता, काळ्या-पांढऱ्या घरांत लिहिलेला, आणि एकदा छापला की त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका, घाई असली तर टप्पे छोटे करा पण उडवू नका.

(पैसे घ्यायच्या यूपीआय कोडबद्दल हा लेख नाही. वेब पेज उघडणाऱ्या कोडबद्दलच आहे.)

## टप्पा १: कोडला हात लावण्याआधी कागदावर लिहून काढा

एक कागद घ्या आणि लिहा: कोण स्कॅन करणार, कुठे उभं राहून, किती अंतरावरून, दिवसा की रात्री, आणि स्कॅन केल्यावर त्याला नेमकं काय पाहिजे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. देवळाच्या फलकावरचा कोड स्कॅन करणाऱ्याला बहुतेक वेळा आजचा कार्यक्रम किती वाजता, महाप्रसाद कधी, गाडी कुठे लावायची एवढंच पाहिजे असतं, त्याला संस्थेच्या होम पेजवर नेऊन सोडलं तर तो शोधत बसत नाही. होमस्टेमध्ये आलेल्या पाहुण्याला वायफाय, जेवणाच्या वेळा आणि रात्री उशिरा आलं तर फोन कोणाला करायचा हे पाहिजे असतं.

हा कोड किती दिवस चालायला हवा तेही लिहा. चवथीतल्या एका कार्यक्रमाचं पत्रक आठवडाभर चालतं. दुकानाची पाटी पाच वर्षं राहते. पुढचे बरेच निर्णय यावरच ठरतात.

## टप्पा २: पेज आधी तयार, लाईव्ह आणि हलकं

पेज अजून बनलेलं नाही पण 'पत्ता तर ठरलाय ना' म्हणून कोड छापून घेऊ नका. पेज बनवताना पत्ता बदलतो, नेहमी बदलतो.

पेज फोनसाठीच बनवा, कारण कोड स्कॅन करणारा माणूस फोनवरच आहे. मेन्यूची किंवा वेळापत्रकाची मोठी पीडीएफ लावणं ही फार पसरलेली सवय आहे, ती सोडा. पीडीएफ आधी डाउनलोड होते, मग बोटांनी मोठी करून इकडून तिकडे सरकवत वाचावी लागते, म्हाताऱ्या माणसांना तर ते जमतच नाही. साध्या पेजवर मोठ्या अक्षरात तेच लिहा. फोटो कमी ठेवा. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या आतल्या गावांत रेंज धड नसते, आणि जत्रेच्या रात्री एका जागी हजारो फोन असले की शहरातही नेट रखडतं. पेज हलकं असेल तर निदान उघडेल तरी.

गूगलच्या सेवा वापरत असाल तर दोन चुका नक्की टाळा. फॉर्म बनवल्यावर वरच्या अ‍ॅड्रेस बारमधली लिंक कॉपी करतात, ती फॉर्म एडिट करायची लिंक असते, लोकांना द्यायची लिंक 'सेंड' किंवा 'पब्लिश' बटणातून मिळते. आणि ड्राइव्हवरच्या फाईलला 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी परवानगी दिली नाही तर समोरच्याला परवानगी मागायचा पडदा दिसतो. तुम्हाला हे कधीच कळणार नाही कारण तुमच्या फोनवर तुम्ही लॉगिन असता. इन्स्टाग्राम, फेसबुकच्या पेजचंही तेच, लॉगिन नसलेल्याला ते अर्धवट दिसतं किंवा दिसतच नाही.

इथे थांबून तपासा: दुसऱ्या कोणाचातरी फोन घ्या, वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, इन्कॉग्निटो विंडो (ब्राउझरची लॉगिन नसलेली खाजगी विंडो) उघडा आणि पत्ता हाताने टाईप करून पेज उघडा. उघडलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: पत्ता, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हा टप्पा नीट वाचा.

तुमचाच पत्ता की दुसऱ्याचा? कोड दोन प्रकारचे. स्टॅटिक कोडमध्ये थेट तुमच्या पेजचा पत्ता असतो. डायनॅमिक कोडमध्ये कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा छोटा पत्ता असतो आणि तिथून माणूस तुमच्या पेजवर पाठवला जातो. डायनॅमिकचा फायदा खरा आहे, छापल्यावरही मुक्काम बदलता येतो आणि किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. पण तो पत्ता कंपनीच्या हातात. अनेक ठिकाणी 'फ्री' म्हणून कोड बनतो आणि प्रत्यक्षात ती ट्रायल असते, काही दिवसांनी पैसे भरले नाहीत की तुमच्या फलकावरचा कोड त्यांच्या जाहिरातीवर जातो. फलक छापून लावून झालेला असतो, मग लोक नाइलाजाने पैसे भरत राहतात.

मोठी कंपनी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली, त्या लिंकवर बेतलेले छापील कोड त्या दिवसापासून निकामी.

माझं स्पष्ट मत असं की जे काही महिन्याभरापेक्षा जास्त टिकायला हवं त्यासाठी स्वतःचं डोमेन (म्हणजे साईटचं विकत घेतलेलं नाव) घ्या आणि त्यावर स्वतःचा छोटा पत्ता बनवा, म्हणजे डोमेन, स्लॅश, आणि 'जत्रा' किंवा 'मेन्यू' असा एक इंग्रजी स्पेलिंगमधला शब्द. कोडमध्ये हाच पत्ता घाला आणि खरं पेज जिथे असेल तिथे रीडायरेक्ट करा, म्हणजे छोट्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप तिथे जाईल. उद्या साईट बदलली, पेज हललं, तरी रीडायरेक्ट बदलायचा, फलक तोच. डायनॅमिक कोडचा फायदा फुकटात मिळतो आणि किल्ली तुमच्याकडेच राहते. वेब डेव्हलपरकडून करून घेत असाल तर त्याला 'तात्पुरता रीडायरेक्ट, म्हणजे ३०२' असं सांगा. ३०१ हा कायमचा असतो, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि तुम्ही मुक्काम बदलला तरी आधी येऊन गेलेल्या माणसाला जुन्याच जागी पाठवू शकतो.

डोमेन कोणाच्या नावावर? देवस्थान, क्लब, वाचनालय, महिला मंडळ, सगळीकडे तेच होतं, एखादा उत्साही मुलगा स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो, मग तो नोकरीला बाहेर जातो, समिती बदलते, रिन्यूअलची मेल कोणी बघत नाही. डोमेन सुटलं की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग देवळाच्या भिंतीवरचा तुमचा कोड त्याच्या पेजवर जातो, त्याने तिथे जुगार ठेवला तरी तुम्ही काही करू शकत नाही. संस्थेचा ईमेल बनवा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, ऑटो रिन्यू चालू करा, जमलं तर एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाका.

पत्ता जितका लांब तितका कोड दाट. हे आकड्यांत बघा म्हणजे पटेल. समजा साईटच्या पत्त्याचा सुरुवातीपासून स्लॅशपर्यंतचा भाग २० अक्षरांचा आहे. पुढे इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाच अक्षरांचा 'जत्रा' लिहिला तर एकूण २५ झाली, आणि मधल्या पातळीचं एरर करेक्शन (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणूनची सोय, पातळ्या टप्पा ४ मध्ये) धरून कोड बसतो २५ बाय २५ घरांत. आता तेच पेज साईटने आपोआप मराठी शीर्षकावरून बनवलेल्या 'जत्रा-वेळापत्रक' या पत्त्यावर आहे असं धरा. ब्राउझरमधून कॉपी केलं की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची, म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळ्यांची, टक्क्याच्या खुणा असलेली नऊ-नऊ अक्षरं होतात. त्या एवढ्याशा शब्दाची १२७ अक्षरं, आधीची २० धरून १४७. साध्या जनरेटरमधून याचा कोड निघतो ४९ बाय ४९ घरांचा. पहिल्यात ६२५ घरं, दुसऱ्यात २४०१, आणि छापायची जागा दोघांना तेवढीच.

म्हणून मराठी साईट चालवत असाल तर मजकूर खुशाल मराठीत ठेवा, कोडमध्ये जाणारा पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत करा. मोजणीसाठी यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला ते सांगणारे पत्त्याच्या शेवटचे जास्तीचे शब्द) लावतात तीही कोडात नको, फलकागणिक वेगळा छोटा पत्ता करा, शेवटी २, ३, ४ असा आकडा लावून, तिन्ही एकाच पेजवर वळवा. यूटीएमची शेपटी प्रत्येक रीडायरेक्टच्या मुक्कामाला वेगळी लावा, म्हणजे कुठल्या फलकावरून किती माणसं आली ते साईटच्या आकडेवारीत दिसेल.

सावधान: स्लॅशच्या पुढच्या भागात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं बऱ्याच सर्व्हरवर वेगळी धरली जातात. सगळं स्मॉलमध्येच ठेवा. ओ आणि शून्य, एल आणि एक अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं टाळा, कारण हा पत्ता कोणीतरी हातानेही टाईप करणार आहे.

## टप्पा ४: कोड बनवा

आता कुठे कोड. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्या एक्सटेन्शन्स मेन्यूत रेंडर, मग बारकोड, तिथे क्यूआर कोड मिळतो. लिबरऑफिसमध्येही सोय आहे. छपाईवाल्याकडे कोरल ड्रॉ असतं, त्यातही कोड बनवता येतो, पण पत्ता त्याला तोंडी सांगू नका, लिहून पाठवा. क्रोममध्ये शेअर मेन्यूतून निघणारा कोड स्क्रीनवरून कोणाला पेज द्यायला छान, छपाईसाठी नको, मध्ये डायनासोर असतो आणि फाईल लहान चित्राची मिळते.

वेबसाईटवरून बनवायचा असेल तर लॉगिन न मागणारी आणि एसव्हीजी फाईल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी चित्राची फाईल) देणारी साईट बघा.

एरर करेक्शनच्या चार पातळ्या असतात: एल, एम, क्यू, एच. अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो असा त्यांचा अर्थ. 'मग एचच घेऊ' असं सगळ्यांना वाटतं, पण पातळी वाढली की घरंही वाढतात. वरच्या २५ अक्षरांच्या पत्त्याला एम पातळीवर २५ बाय २५ पुरतात, एचला ३३ बाय ३३ लागतात. घरातल्या, टेबलावरच्या, कागदी कामाला एम. बाहेर ऊन-पावसात, धुळीत राहणाऱ्याला क्यू. मध्ये लोगो टाकायचाच असेल तर एच.

इथे थांबून तपासा: स्क्रीनवरचा कोड फोनने स्कॅन करा आणि लिंकवर लगेच टॅप करू नका. कॅमेरा आधी पत्ता (काही फोनवर फक्त डोमेन) दाखवतो, तो वाचा. तुमचाच पत्ता दिसतोय का, अक्षर न् अक्षर? मध्ये दुसऱ्याच कोणाचं डोमेन दिसलं तर तुमच्या हातात डायनॅमिक कोड आलाय, तो टाकून द्या आणि दुसरीकडे बनवा. छपाईआधी ही एवढी एक गोष्ट बघितली तरी अर्ध्या तक्रारी संपतील.

## टप्पा ५: आकार ठरवा

ठोकताळा सोपा आहे, ज्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक दशांश रुंदी. टेबलावर ३० सेंटिमीटरवरून स्कॅन होणार तर ३ सेंटिमीटर. भिंतीवर मीटरभरावरून तर १० सेंटिमीटर. मांडवाच्या कमानीवर तीन मीटरवरून तर ३० सेंटिमीटर. कोड दाट असेल तर याहून मोठा. २ सेंटिमीटरच्या खाली कुठेच जाऊ नका, व्हिजिटिंग कार्डावरही नाही.

एका घराची रुंदी किती येते तेही बघा. कोडच्या चारही बाजूंना चार-चार घरांएवढी पांढरी मोकळी जागा सोडावीच लागते, ती धरून २५ घरांच्या कोडला ३३ घरांची जागा लागते, म्हणजे ३ सेंटिमीटरमध्ये एक घर जवळपास ०.९ मिलिमीटरचं. ४९ घरांच्या कोडला ५७ घरांची जागा लागते, तेवढ्याच ३ सेंटिमीटरमध्ये घर येतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. साध्या छपाईत शाई थोडी पसरते, जुन्या फोनचा कॅमेरा तेवढं बारीक पकडत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असा माझा आग्रह आहे.

आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेला होर्डिंगवर कोड लावू नका. गाडी चालवणाऱ्याने फोन उचलावा असं काही आपण छापूच नये. तिथे वाचता येईल असं नाव मोठ्या अक्षरात द्या.

## टप्पा ६: डिझाईनमध्ये बसवणे

देवळाच्या आणि शिगम्याच्या फलकांवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक रंगाची. पिवळ्या बॅकग्राउंडवर केशरी कोड. दिसतो छान, कॅमेऱ्याला मात्र दोन्ही जवळपास सारखेच उजळ दिसतात. कोड गडद आणि मागचं उजळ, हे कायम. पांढऱ्यावर काळा उत्तम. गडद मरून, गडद हिरवा, नेव्ही निळाही चालतो. शंका असेल तर डिझाईनचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, कोड ठळक उठून दिसला तरच ठेवा. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड नवे फोन वाचतात, काही अ‍ॅप वाचत नाहीत, म्हणून नको.

पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी थेट फोटोवर टाकू नका, खाली समुद्र आणि माड आले की पांढरी घरं गायब होतात. आधी पांढरा चौकोन, त्यात मोकळी जागा सोडून कोड. ही मोकळी जागा डिझायनरला वाया गेलेली वाटते आणि तो तिथे फ्रेम किंवा वेलबुट्टी आणून भिडवतो. तसं केलं की कोड कुठे सुरू होतो तेच फोनला कळत नाही.

लोगो नसला तर सगळ्यात बरं. टाकलाच तर बरोबर मध्ये, कोडच्या रुंदीच्या पाचव्या भागाहून मोठा नको, आणि तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना कशाचाही स्पर्श नको.

कोडच्या खाली दोन ओळी हव्यातच. पहिली, काय उघडेल: 'नाटकांच्या वेळा इथे बघा'. नुसतं 'स्कॅन करा' लिहिलं तर लोक पैसे मागताहेत असं समजतात. दुसरी ओळ म्हणजे तोच छोटा पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत, कॅमेरा चालला नाही तर टाईप करायला.

आणखी एक, आपल्याकडे कोड दिसला की हात आपोआप यूपीआय अ‍ॅपवर जातो. वेब पेजचा कोड त्यात टाकला की 'चुकीचा कोड' असं काहीतरी येतं आणि माणूस म्हणतो कोड बिघडलाय. म्हणून बारीक अक्षरात 'फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा' लिहा, आणि दक्षिणा देण्याचा यूपीआय कोड आणि माहितीचा कोड शेजारी-शेजारी ठेवू नका, निदान हातभर लांब ठेवा. एकाच फलकावर दोन कोड जवळ असले तर कॅमेरा कुठला पकडेल याचा नेम नाही.

जे अगदी गरजेचं आहे, तारीख, वेळ, फोन नंबर, ते फलकावरच छापा. ते कोडच्या मागे लपवू नका.

## टप्पा ७: छपाईवाल्याला फाईल देताना

एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या, कितीही मोठं केलं तरी कडा धारदार राहतात. पीएनजीच असेल तर मोठ्या आकाराची घ्या, निदान २००० पिक्सेल. जेपीजी नको, कडांना करडी धूळ येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो दाबून लहान होतो.

मग ऑपरेटरच्या शेजारी पाच मिनिटं बसा, किंवा हे त्याला लिहून द्या:

- कोड आडवा-उभा ताणायचा नाही, कोपऱ्याला धरूनच लहान-मोठा करायचा.
- स्क्रीनशॉट घेऊन ट्रेस करायचा नाही, घरांचे कोपरे गोल होतात.
- काळा म्हणजे फक्त काळी शाई, के १००. चारही रंग मिसळून केलेला काळा थोडा जरी सरकला तरी घरांच्या कडेला रंगीत सावली येते.
- कोडवर शॅडो, ग्लो, ग्रेडियंट काही नाही.
- कटिंगची रेघ पांढऱ्या जागेच्या बाहेर.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात फोंडा, म्हापसा, मडगाव सगळीकडे छपाईवाले कामात बुडालेले असतात, तेव्हा प्रूफ मागितलं तर कोणी देत नाही. माघात मंगेशी, कवळ्याकडच्या जत्रांसाठी फलक हवा असेल तर फाईल पौषातच देऊन ठेवा.

## टप्पा ८: एकच प्रत छापून घ्या, मगच बाकीच्या

हा टप्पा सगळेच गाळतात. पन्नास फलक, हजार पत्रकं, एका दमात. एक प्रत आधी काढा, खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात, लॅमिनेशन करायचं असेल तर लॅमिनेशनसकट. घरच्या प्रिंटरवरच्या कागदी प्रतीवरून फ्लेक्सचा अंदाज येत नाही.

मग ती प्रत घेऊन जिथे लावायची तिथे जा आणि ज्या वेळेला लोक येणार त्या वेळेला बघा. उदाहरणार्थ देवळाच्या आवारात नाटकाचा फलक. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, मंचाकडे सगळा उजेड आणि फलक मात्र खांबाच्या सावलीत. दिवसा झटकन वाचलेला कोड रात्री फोनला दिसतच नाही, टॉर्च लावला तर चकचकीत लॅमिनेशनवर पांढरा गोळा उठतो आणि नेमका कोडच झाकला जातो. इलाज म्हणजे मॅट लॅमिनेशन आणि फलकावर वरून तिरपा पडणारा एक बल्ब. मागून उजेड असलेल्या पेटीच्या पाटीत दिवा फार भडक असेल तर कॅमेऱ्याला पांढरी घरं फुगलेली दिसतात, तिथे कोड मोठा ठेवा.

इथे थांबून तपासा: एक आयफोन, एक नवा अँड्रॉइड, आणि घरातला एखादा जुना स्वस्त फोन, काचेवर ओरखडे असलेला. तिन्हींवर, सरळ उभं राहून आणि जरा बाजूने, दोन-तीन सेकंदांत उघडायला हवा. जुन्या फोनवर अडला तर तो फोनचा दोष मानू नका, आकार वाढवा किंवा पत्ता छोटा करा. पेज शेवटपर्यंत उघडतंय का तेही बघा, नुसता कोड वाचला म्हणजे झालं असं नाही.

## टप्पा ९: वस्तूवर किंवा भिंतीवर लावणे

पाकिटावर लावताना सपाट जागा बघा. काजूचं चकचकीत पाकीट भरल्यावर फुगतं आणि सुरकुत्या पडतात, म्हणून रिकाम्या पाकिटावर तपासलेलं धरू नका, भरून सील केल्यावर तपासा. कोकम सिरपच्या किंवा फेणीच्या बाटलीवर कोड गोलाईवर वळतो, दोन्ही कडा एकदम कॅमेऱ्यात येत नाहीत. तिथे कोड लहान ठेवा, एवढा की समोरून बघताना पूर्ण दिसेल, किंवा गळ्यात अडकवायचं छोटं कार्ड करा, ते मला जास्त आवडतं. बिलाच्या थर्मल कागदावरचा कोड उष्णतेने फिका पडतो, तो जपून ठेवायच्या गोष्टीसाठी वापरू नका.

भिंतीवर. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला व्हायनल स्टिकर धरत नाही, खडबडीत असते आणि पावसात ओल सुटते. सनबोर्ड (फोमची पाटी) आतल्या जागेसाठी ठीक, बाहेर एसीपी शीटवर (अॅल्युमिनियमच्या पातळ पाटीवर) व्हायनल लावून स्क्रूने बसवा.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा खरा कस. साध्या इंकजेट प्रिंटची शाई ओलीने पसरते, म्हणून कागद असेल तर लेझर प्रिंट घ्या. लॅमिनेशन करताना आधी कागद कापा, मग लॅमिनेट करा आणि भोवती प्लास्टिकची पट्टी राहू द्या. लॅमिनेट करून मग कागदाला लागून कापलं की कडेने पाणी आत जातं, आठ दिवसांत आत काळे डाग येतात. भोक पाडायचं ते त्या प्लास्टिकच्या पट्टीतच, कागदातून खिळा ठोकला तर तिथूनही पाणी शिरतं.

उंची छातीच्या आसपास. फार वर लावला की लोक फोन वर करून तिरपा धरतात, खाली लावला की म्हातारी माणसं वाकत नाहीत. समोर फोन धरून उभं राहायला जागा हवी, पादत्राणांच्या ढिगाऱ्यामागे किंवा दानपेटीच्या रांगेत नको.

सावधान: सार्वजनिक जागेतल्या कोडवर कोणीही स्वतःचा स्टिकर चिकटवू शकतो, आणि लोक विश्वासाने स्कॅन करतात. म्हणून कोड वेगळ्या स्टिकरवर न ठेवता फलकाच्या छपाईतच ठेवा, खाली पत्ता छापलेला असतोच, आणि आठवड्यातून एकदा बोट फिरवून बघा वर काही चिकटवलंय का. देवळात, बाजारात हे काम एका ठरावीक माणसाला नेमून द्या.

## टप्पा १०: लावून झाल्यावर

कुठला कोड कुठे लावलाय, कुठल्या पत्त्यावर जातो आणि डोमेन कधी रिन्यू करायचं, हे एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून संस्थेच्या कागदपत्रांत ठेवा, एकट्याच्या फोनमध्ये नको. महिन्यातून एकदा प्रत्येक कोड प्रत्यक्ष जागेवर जाऊन स्कॅन करा. साईट नव्याने बनवायला दिली की पहिल्याच बैठकीत डेव्हलपरला छापलेल्या पत्त्यांची यादी द्या, कारण नव्या साईटमध्ये जुने पत्ते गळतात आणि कोड सगळे एकदम मरतात.

कार्यक्रम संपल्यावर पेज डिलीट करू नका. हँडबिलं घराघरांत पडलेली असतात, कोणीतरी चार महिन्यांनी स्कॅन करतो. तिथे 'यंदाचा उत्सव झाला, पुढची तारीख ठरली की इथेच कळवू' एवढं लिहा आणि समितीचा फोन नंबर ठेवा. पुढच्या वर्षी पत्ता तोच वापरा, पेजमधला मजकूर बदला. फ्लेक्सवर तारखा असतात म्हणून तो नवा लागेल, पण कोडची तीच एसव्हीजी फाईल पुन्हा देता येते, आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हेही त्या वहीत लिहून ठेवा.